पाचशे रुपयांची पेशी

वकील न लावता कोर्टात स्वतःच उभा राहिलो हे कोणाला सांगितलं की दोनच प्रश्न येतात, एक म्हणजे भेव नाही वाटलं का, अन् दुसरा, पाचशे रुपयांसाठी कायले एवढा कुटाणा केला. पहिल्याचं उत्तर, वाटलं ना बाप्पा, पाय लटलट कापत होते. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे म्हणून लिहूनच काढतो, नाहीतर प्रत्येकाला चहा पाजून सांगत बसा.

झालं असं की २०२४ च्या दिवाळीत भाचा आला होता पुण्यावरून. ओसरीत बसून ह्याच्या त्याच्या गाडीचे नंबर मोबाईलवर टाकून कोणावर किती चालान आहे ते पाहत होता, अन् पाहून गप्प बसावं तर तेही नाही, मोठ्यानं वाचून दाखवत होता. सासऱ्याच्या गाडीवर शून्य, शेजारच्या काकांवर हजार, मग मला म्हणे मामा आरसी आणा, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. आणली. अन् मग म्हणे, "मामा, तुमच्यावर पाचशे. विना हेल्मेट."

आता खरं सांगतो, मला आधी काही नवल वाटलं नाही. हेल्मेट मी घालत नव्हतो, गावात कोणीच घालत नाही, वावरात जायला हेल्मेट घातलं तर बैलबी बुजतील. म्हटलं असेल कुठंतरी धरलं. पण तारीख पाहिली तर २ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून ४७ मिनिटं, जागा तालुक्याचा बसस्टँड चौक. २ सप्टेंबरला होता पोळा. पोळ्याच्या दिवशी सकाळी अकरा-बाराला शेतकरी माणूस तालुक्याच्या चौकात काय करेल, मी तर नाल्यावर होतो, कमरेएवढ्या पाण्यात बैल धूत.

मग फोटो उघडला. फोटोत लाल रंगाची मोपेड. मागून काढलेला फोटो, चालवणाऱ्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, पायापाशी ढेपेचं पोतं उभं केलेलं, अन् माझी गाडी म्हणजे २०११ ची काळी स्प्लेंडर. पायापाशी पोतं ठेवायला स्प्लेंडरमध्ये जागा कुठं असते, तिथं टाकी असते. भाचा हसून हसून लोळला, म्हणे मामा तुम्ही पोळ्याला गाडीचीच मोपेड केली. बायको म्हणाली, "दे भरून पाचशे, कायले डोकं लावता." खरं सांगू का, तिचं तेव्हा ऐकलं असतं तर पैसे वाचले असते, हिशोब पुढं येते.

एसएमएस काऊन आला नाही, तर आरसीला मोबाईल नंबर माझा नव्हताच, गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्या पोऱ्यानं त्याचाच कोणता नंबर टाकून दिला होता. हे तुम्हीबी एकदा पाहून घ्या, अर्ध्या गावाचं असंच निघालं.

भाच्यानं तिथल्या तिथं पोर्टलवर तक्रार टाकली, गाडी माझी नाही, फोटोत मोपेड आहे, सोबत आरसीचा फोटो. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, चालान बरोबर आहे. बस, एवढंच. काऊन बरोबर आहे, फोटो कोणी पाहिला का नाही, काही नाही. तिथंच माझं टाळकं सरकलं. चुकून झालं असेल तर माणूस समजून घेते, पण सांगूनही नाही ऐकत म्हणजे काय.

मग डिसेंबरात लोकअदालतीचा मेसेज आला (तोवर मोबाईल नंबर बदलून घेतला होता). मला वाटलं चला, अदालत आहे म्हणजे तिथं ऐकतील. पराटीची, म्हणजे कापसाची, वेचणी सोडून गेलो. तिथं गेल्यावर कळलं की लोकअदालतीत तडजोड होते, निकाल नाही. म्हणजे तुम्हाला मान्य असेल तर पैसे भरा, पावती घ्या, विषय संपला. मान्य नसेल तर कोणी जबरदस्ती करत नाही, पण तुमची गाडी की दुसऱ्याची हे काही तिथं ठरत नाही. टेबलावरच्या माणसानं चांगलं समजावून सांगितलं, म्हणे दादा तुम्हाला भांडायचंच असेल तर रेग्युलर कोर्टात केस येऊ द्या. लोकं लायनीत उभं राहून पटापट भरत होते, मी एकटाच तसाच परत आलो. येताना आलूबोंडा खाल्ला, तेवढंच मिळालं.

भाच्यानं फोनवर अजून एक सांगितलं होतं, की नागपूरले २०२० मध्ये ट्रॅफिकच्या केसेससाठी व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे साहेब, आपल्याच नागपूरचे, त्यांच्या हातानं उद्घाटन झालं, तिथं घरबसल्या दंड भरता येते नाहीतर कबूल नाही असंही कळवता येते. पण तिथं कबूल नाही म्हटलं तरी केस शेवटी आपल्या भागातल्या नेहमीच्या कोर्टातच येते. माझा नंबर टाकला तर तिथं काही दिसलंच नाही, म्हणून तो रस्ता राहिला.

फेब्रुवारीत समन्स आलं. बीटचे जमादार स्वतः घेऊन आले, अंगणात बाजेवर बसून चहा पिला अन् सही घेतली. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, मोटार वाहन कायदा कलम १२९ अन् १९४ड. गल्लीत बातमी पसरायला पाच मिनिटं लागली नाही. संध्याकाळी शेजारचे काका विचारायला आले, "काय झालं बावा, कोणाले मारलं?"

तालुक्याला एका वकिलाकडं गेलो. माणूस चांगला होता, खोटं काही बोलला नाही. म्हणे फी दोन हजार, अन् वरून सल्ला दिला की भरून टाक, कारण पाचशे ही तडजोडीची रक्कम आहे, केस लढून हरला तर कायद्यात दंड हजार आहे, अन् तीन महिने लायसन्स बंद ते वेगळंच. हे मला माहीत नव्हतं. घरी येईस्तोवर मनात चालूच होतं, पाचशे, का दोन हजार, का हजार अन् लायसन्स. विधी सेवा समितीतून मोफत वकील भेटते असंही कोणीतरी सांगितलं, बायकांना अन् एससी-एसटीवाल्यांना तर उत्पन्न न पाहता देतात, बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला लागते. दाखला काढायचा म्हणजे तलाठ्यापासून चक्कर सुरू. म्हटलं जाऊ द्या, गाडी माझी नाही एवढंच तर सांगायचं आहे, त्याला वकील कायले पाहिजे.

इथं माझी पहिली चूक झाली. मी पंधरा दिवस रोज रात्री यूट्यूब पाहिलं. एवढा कायदा डोक्यात भरला की विचारू नका. कलम १३६अ, नियम १६७अ, कॅमेऱ्याचं चालान असेल तर गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे, फोटोत नंबर प्लेट साफ दिसली पाहिजे, सोबत फोटो खरा असल्याचं ६५ब चं प्रमाणपत्र पाहिजे (जे आता नवीन साक्ष अधिनियमात कलम ६३ झालं). नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात सहा महिन्यांच्या आत केस कोर्टात आली पाहिजे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता त्याच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. बोटावर मोजलं तर सहा महिने २ मार्चला संपत होते अन् यांनी फेब्रुवारीतच केस टाकली होती, म्हणजे तो मुद्दा थोडक्यात हुकला, याचं मला काय वाईट वाटलं म्हणून सांगू. हे सगळं वहीत लिहून, मुलीकडून साफ अक्षरात आठ पानं उतरवून घेतली.

अन् फोटोंच्या रंगीत प्रिंटा काढायला गेलो बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं. हा झेरॉक्सही करते अन् रेडियमचं कामही करते, गाड्यांवर नावं, नंबर, माउलीची कृपा, आई-वडिलांचा आशीर्वाद वगैरे. त्यानं फोटो पेनड्राइव्हवरून घेतला, स्क्रीनवर मोठा केला, अन् चिमट्यात धरलेला रेडियमचा तुकडा तसाच हातात ठेवून पाहत राहिला. मला वाटलं कॉम्प्युटर अटकला.

"भाऊ," म्हणे, "हा आकडा मराठीतला व्हय."

"कोणता?"

"शेवटचा. तुमचा नंबर कितीवर संपते?"

"एकोणचाळीस."

"अन् हा एकतीस व्हय. हे पाहा, २०३१. दोन, शून्य, तीन मराठीत अन् इंग्रजीत सारखेच दिसते ना, मंग शेवटचा मराठी एक पोलिसाले इंग्रजी नऊ वाटला. खालची शेपटी पाहा कशी ओढली."

मी डोळे ताणून पाहिलं. खरंच. मराठीतला १ घ्या अन् इंग्रजीतला नऊ घ्या, वर गोल, खाली शेपटी, लांबून कोण सांगू शकते. अन् त्या गोलाच्या मधोमध प्लेटचा स्क्रू ठोकलेला, म्हणून अजूनच भरल्यासारखा दिसत होता. चार महिने मी तो फोटो पाहून राहिलो होतो, पोतं पाहिलं, दुपट्टा पाहिला, मोपेड पाहिली, पण नंबर माझाच आहे असं धरूनच पाहत होतो. भाच्यानं नाही पाहिलं, वकिलानं नाही पाहिलं.

"तुले कसं समजलं?" विचारलं.

"असे प्लेट आम्हीच तं करून देतो," म्हणे. "नियमात इंग्रजीच आकडे पाह्यजे, पण पोट्टे ऐकते काय. म्हणते मराठी माणूस आहे, मराठीतच टाक."

त्यानं त्या आकड्याचा वेगळा मोठा प्रिंट काढून दिला, पूर्ण पानभर, अन् बाजूला माझ्या गाडीच्या प्लेटचा तेवढाच मोठा. पैसे मात्र पूर्ण घेतले.

पहिली पेशी. सकाळी सातच्या एसटीनं निघालो. गाडी घरी उभी असून एसटीनं काऊन, तर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटच्या केसला बिना हेल्मेट गाडीवर जायचं अन् कोर्टाच्याच गेटवर धरलं तर काय इज्जत राहील. अन् जानेवारीपासून एसटीचं भाडंबी वाढलेलं. साडेदहाला कोर्टात. भिंतीवर बोर्ड लावलेला असते, आजच्या केसेसची यादी, त्यात आपला नंबर शोधायचा, माझा बावन्नावा. बाहेर कडूनिंबाखाली सगळे बसलेले, कोणी धुऱ्याच्या भांडणाचे, कोणी दारूच्या केसचे, एक म्हातारी पोटगीसाठी आलेली ती डबा उघडून भाकर खात होती. साडेअकराला शिपाई बाहेर आला अन् म्हणे मॅडम आज रजेवर, तारखा घेऊन जा. दोन मिनिटांत पुढची तारीख. दिवस गेला, चण्याची सोंगणी मजुरांवर सोडून आलो होतो ती तशीच राहिली.

त्या दिवशी एक काम मात्र झालं. एका वकिलाकडचे कारकून, वय झालेले, झाडाखाली टायपिंगच्या टेबलाशी बसले होते, त्यांना माझी आठ पानं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, बाकीची सहा न वाचता परत दिली.

"भाऊ, मॅडमकडं आज साठ केसेस आहेत. हे कोण वाचन?"

"मंग काय करू?"

"एक पान लिहा. मी अमुक, गाडी अमुक, चालान अमुक तारखेचं, फोटोतली गाडी माझी नाही, कारण एक, दोन, तीन. कलमं लिहायची तर शेवटी एका ओळीत लिहा. सोबत कागद लावा, त्याले नंबर द्या. अन् तीन सेट करा, एक कोर्टाले, एक सरकारी वकिलाले, एक तुमच्यापाशी. मोबाईल दाखवू नका, मोबाईल कोणी पाहत नाही."

अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावायचं हेही त्यांनीच सांगितलं, स्टॅम्प व्हेंडर कुठं बसते तेही. चहाचे पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत, म्हणे तुम्ही शेतकरी, मीबी शेतकऱ्याचाच पोरगा. त्या माणसाचा उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या पेशीआधी हेल्मेट घेतलं, आयएसआयवालं, साडेआठशे रुपये. बायकोनं काही म्हटलं नाही, नुसतं पाहिलं.

दुसरी पेशी मार्चमध्ये. ह्यावेळेस मॅडम होत्या. माझ्या आधी ट्रॅफिकच्याच सात-आठ केसेस होत्या, एकेक मिनिटात निपटत होत्या. पुकारा व्हायचा, माणूस कठड्यात जायचा, मॅडम विचारायच्या गुन्हा कबूल आहे का, तो म्हणायचा कबूल, दंड इतका, भरा, पुढचा. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो अन् माझं तोंड कोरडं पडत चाललं होतं. एकदा वाटलं आपणही कबूल म्हणून मोकळं व्हावं. माझ्या बाजूला बसलेला पोट्टा, ट्रिपल सीटवाला, तो हळूच म्हणे, "काका तुमचं काय?" म्हटलं मी नाही करत कबूल. तो असा पाहायला लागला जसं मी खून केला अन् नाही म्हणून राहिलो.

पुकारा झाला. गेलो. मॅडमनी वाचून दाखवलं, अमुक दिवशी अमुक वेळी विना हेल्मेट गाडी चालवली, गुन्हा कबूल आहे का?

"नाही."

आवाज एवढा बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं, कबूल नाही मॅडम. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. सरकारी वकिलांनीही पाहिलं.

"तुमचे वकील कोण?"

"मीच आहे मॅडम. म्हणजे, वकील नाही लावला. माझं मीच सांगतो."

मागं कोणीतरी हसलं. मॅडम नाही हसल्या. त्या म्हणाल्या ठीक आहे, सांगा काय म्हणणं आहे. अन् मी, आता काय सांगू, एवढं त्या कारकुनानं समजावून सांगितलं होतं तरी मी सुरू झालो, मॅडम नियम १६७अ प्रमाणे पंधरा दिवसांत नोटीस, अन् प्रमाणपत्र, अन् कलम १३६... त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "हे लेखी दिलंय ना? मग रेकॉर्डवर आहे. तुम्ही मला झालं काय ते सांगा."

मग मी पोळा काढला. म्हटलं मॅडम त्या दिवशी पोळा होता, मी गावात होतो, सकाळपासून बैलं धुणं, शिंगं रंगवणं, बेगड लावणं, संध्याकाळी तोरणाखाली उभं राहायचं, शेतकरी माणूस त्या दिवशी गाव सोडत नाही, पाहिजे तर दहा साक्षीदार आणतो. मला वाटलं हा एकदम जबरदस्त मुद्दा आहे. सरकारी वकील उभे राहिले, आरामात, हातात पेन फिरवत.

"मॅडम, गाव इथून अठरा किलोमीटर आहे. अन् पोळ्याच्या दिवशी सकाळी इथं बाजारात पाय ठेवायला जागा नसते. झूल, घुंगरू, गोंडे घ्यायला सगळे इथंच येतात. हे पण आले असतील."

आता माझी जीभ. मी पटकन म्हणालो, "नाही साहेब, ते तर मी आदल्या दिवशीच नेलं होतं, इतवारी."

मॅडमनी विचारलं, "आदल्या दिवशी कशावर आला होतात?"

"याच गाडीवर, मॅडम."

"हेल्मेट होतं?"

सगळं कोर्ट गप्प. वरचा पंखा तेवढा खडखड करत होता. खोटं बोलावं असं मनात आलं, एक सेकंद आलं, नाही म्हणत नाही. पण बाजूला कठड्यावर माझंच हेल्मेट ठेवलेलं होतं, त्याच्या काचेवरचा प्लास्टिकचा कागदबी अजून काढला नव्हता. त्याच्याकडं पाहिलं अन् म्हटलं, "नव्हतं मॅडम."

सरकारी वकील मिशीत हसले. मॅडमनी काहीतरी लिहिलं, मला वाटलं संपलं, गेले हजार अन् गेलं लायसन्स. पण त्या म्हणाल्या, "तो आजचा विषय नाही. आजच्या विषयावर काही आहे का?"

तेव्हा मी प्रिंटा दिल्या. आधी आरसी, मग माझ्या गाडीचे फोटो, मागून, डावीकडून गिअरसकट, मग चालानवरचा फोटो, अन् शेवटी ते दोन मोठे आकडे. मी काही बोललो नाही, फक्त एवढंच म्हटलं की मॅडम, शेवटचा आकडा मराठीत आहे. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, मग आडवा केला. मग स्टेनो बाईंना दाखवला. स्टेनो बाई पटकन म्हणाल्या, एक आहे. सरकारी वकिलांनी त्यांच्या सेटमधला कागद पाहिला अन् पेन फिरवायचं थांबलं. मॅडमनी त्यांना सांगितलं की ज्यानं चालान केलं त्या कर्मचाऱ्याला पुढच्या तारखेला बोलवा, अन् दोन्ही नंबरच्या गाड्यांची नोंदणीची माहिती मागवा.

बाहेर येऊन मी नळाखाली डोकंच धरलं. ऊन तर होतंच, पण ते कारण नव्हतं.

तिसरी पेशी एप्रिलच्या शेवटी, ४४ डिग्रीत. ह्यावेळेसबी मी गाडीवर गेलो, हेल्मेट घालून, अन् त्या उन्हात अठरा किलोमीटर डोक्यावर भट्टी ठेवल्यासारखं वाटते हे मान्य करतो. ट्रॅफिकचे कॉन्स्टेबल आले होते, माझ्याच वयाचे, साधा माणूस. मला मनात राग होता पण त्यांच्याकडं पाहून उतरला, घामानं पाठ भिजलेली, अन् सकाळपासून उभेच होते. मॅडमनी त्यांना विचारलं चालान कसं केलं. ते म्हणाले, गाडी थांबवली तं थांबली नाही, मागून फोटो घेतला, मग नंबर मशीनमध्ये टाकला. नंबर टाकला की गाडीची माहिती येते ना? येते मॅडम. मग मोटारसायकल अन् मोपेड हा फरक दिसला नाही? म्हणाले गर्दी होती मॅडम पोळ्याची, घाईत पाह्यलं नाही.

"हा नंबर वाचा," मॅडम म्हणाल्या अन् माझा मोठा प्रिंट दिला.

ते वाचायला लागले. "दोन... शून्य... तीन..." अन् थांबले. मान वाकडी केली. "एक," म्हणाले, अन् स्वतःच हसले. कोर्टात सगळेच हसले, मॅडमही थोड्या.

नोंदणीच्या माहितीत एकतीस नंबरची गाडी लाल मोपेडच निघाली. कोणाची ते मॅडमनी मोठ्यानं वाचलं नाही अन् मी विचारलं नाही. आदेश तिथंच सांगितला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ मध्ये आता अशी तरतूद आहे की आरोप निराधार वाटला तर कारणं लिहून माणसाला मुक्त करता येते, तसं मुक्त केलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. मी हात जोडले, मॅडम पुढची फाईल उघडून मोकळ्या.

पण एवढ्यानं झालं असं समजू नका. घरी येऊन पाहिलं तर पोर्टलवर पाचशे तसेच. आठ दिवसांनी तसेच. मग पुन्हा तालुका, नकलेसाठी अर्ज, तिकीट, चार दिवसांनी या, आदेशाची नक्कल घेतली, तिच्या दोन झेरॉक्स, एक ट्रॅफिकच्या ऑफिसात देऊन दुसरीवर पोच घेतली, शिक्क्यासकट. शिक्का मारणारा म्हणे ठेवून जा, मी म्हटलं नाही साहेब, शिक्का मारा, मी थांबतो. एवढं तर ह्या सगळ्यात शिकलोच होतो. तीन आठवड्यांनी शून्य झालं.

बायकोनं कॅलेंडरच्या मागं हिशोब लिहून ठेवला होता. एसटी, पेट्रोल, प्रिंटा, तिकिटं, नक्कल, आलूबोंडे (तेही लिहिले होते), बुडालेले दिवस मजुरीच्या भावानं, अन् हेल्मेट. हेल्मेट धरून चार हजारांच्या वर गेलं. मी म्हटलं हेल्मेट त्यात धरू नको, ते तसंही घ्यायचंच होतं. ती म्हणे, "हाव, २०११ पासून घेऊनच राह्यले होते तुम्ही."

पोच घेऊन निघालो त्या दिवसाचं एक राहिलं. बसस्टँड चौकात तेच कॉन्स्टेबल उभे होते. मला हात केला, मी गाडी बाजूला घेतली, काळीज परत धडधड. त्यांनी आधी डोक्याकडं पाहिलं, हेल्मेट होतं, पट्टा लावलेला. मग मागं गेले, वाकून प्लेट पाहिली, अन् बोटानं शेवटचा आकडा टकटक वाजवला.

"नऊ ना?"

"हो साहेब. इंग्रजीतला."

"जा," म्हणाले, अन् मागच्या ट्रॅक्टरला शिट्टी मारली.